मूळ प्रत

कागद मरतो, असं काकांचं ठाम मत होतं. एकदम नाही, हळूहळू. आधी कोपरे वळतात, मग घडीच्या रेषेवर पांढरं दिसायला लागतं, आणि एक दिवस कुणीतरी घाईघाईत उघडतं की हातात दोन तुकडे. हे ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, कुणी विचारो न विचारो. दुकान म्हणजे कॉलेजच्या फाटकासमोरची दहा बाय बाराची खोली. दोन झेरॉक्सची मशीनं, एक संगणक, एक प्रिंटर आणि काउंटरच्या उजव्या हाताला त्यांचं लाडकं लॅमिनेशनचं मशीन. मुलं झेरॉक्स काढायला यायची आणि लॅमिनेशन करून घरी जायची. गळी उतरवण्यात काकांचा हात कोण धरणार!

या वेडाला कारण होतं, नाही असं नाही. विशीत असताना त्यांना छापखान्यात नोकरीसाठी बोलावणं आलं होतं, चांगल्या, पक्क्या नोकरीसाठी. शाळेचा दाखला वडिलांच्या ट्रंकेत होता. काढला तर वाळवीनं मधोमध खाऊन ठेवलेला. नाव शिल्लक, जन्मतारीख गायब. समोरच्या माणसानं तो दोन बोटांत धरून परत दिला आणि पुढच्याला हाक मारली. बस, तेव्हापासून काकांनी कागदाशी वैर धरलं नाही, पण त्याच्यावर पाळत मात्र ठेवली.

घरात लॅमिनेट न झालेला कागद शोधावा लागे. मिक्सरचं वॉरंटी कार्ड, डॉक्टरची चिठ्ठी, लग्नाची पत्रिका, सगळं प्लास्टिकमध्ये. मिक्सर कधीच भंगारात गेला होता, पण कार्ड अजून ठणठणीत होतं. बायको इस्पितळात परिचारिका, तिच्या जिभेला धार. ती म्हणायची, एक दिवस झोपेत मलाही मशीनमधून काढतील हे, वर कोपरे गोल करून देतील.

आणि मुलगी. एकुलती एक, चणीनं लहान, सतत कशाच्या तरी मागे, म्हणून घरात तिचं नाव मुंगी पडलं ते पडलंच. पदवी मिळाली तरी मुंगीच. तिचं तिसरीतल्या चित्रकलेचं प्रमाणपत्र काकांनी लॅमिनेट केलं, तिथून सुरुवात झाली. पुढे दर वर्षाचं गुणपत्रक शाळेतून निघालं की आधी दुकानात, मग घरी. आई कामावरून यायच्या आत त्याच्यावर प्लास्टिक चढलेलं असे. पदवी प्रमाणपत्र आलं त्या दिवशी तर त्यांनी दुकानातली सगळ्यात जाड, अडीचशे मायक्रॉनची प्लास्टिकची पिशवी काढली, जी ते गिऱ्हाइकाला सहसा दाखवतही नसत. मुंगी म्हणाली होती, राहू द्या ना जरा वेळ, हातात धरून बघू दे. हात लावूनच वाट लागते कागदाची, असं म्हणून त्यांनी तो मशीनमध्ये सरकवला. दुसऱ्या बाजूनं बाहेर आला तेव्हा असा काही चकाकत होता की मुंगीला हसू आलं.

त्याच्या आधीपासूनच, म्हणजे शेवटच्या वर्षापासून, मुंगीनं डोक्यात घेतलं होतं की परदेशी शिकायला जायचं. विषय कुठला, तर जमिनीखालचं पाणी. ते कुठे असतं, कुठून कुठे जातं, किती उरलंय. काका दुकानात येईल त्याला सांगत, वरचं पाणी काय, कुणालाही दिसतं.

तिनं शोधायला घेतलं ते रीतसर. खासगी विद्यापीठांची गुळगुळीत माहितीपत्रकं आधीच बाजूला सारली. त्यातली सगळी माणसं गवतावर बसून हसत असतात, अभ्यास कोण करतं कुणास ठाऊक, असं तिचं म्हणणं. सरकारी विद्यापीठं तेवढी ठेवली. तिथे फी नावापुरती, पण बाहेरून येणाऱ्यांसाठी जागा मोजक्या आणि नियम मात्र मूठभर नाहीत, पोतंभर. बिघडलेल्या प्रिंटच्या पाठकोऱ्या बाजूवर तिनं तक्ता आखला आणि काउंटरच्या मागे चिकटवला. कुठल्या भाषेत शिकवतात, प्रयोगशाळा आहे की नुसतीच बडबड, बाहेरच्यांना जागा किती, शेवटची तारीख कुठली. काकांना तो तक्ताही लॅमिनेट करायचा होता. यात अजून खूप खाडाखोड व्हायची आहे, असं सांगून तिनं त्यांना आवरलं.

आणि खाडाखोड झाली. चाळीसची पंधरा झाली, पंधराची पाच उरली. एका ठिकाणी विषय छान, पण पहिलं वर्ष तिथल्या भाषेत. दुसरीकडे सगळं मनासारखं, पण मागच्या वर्षी बाहेरच्या एकाच विद्यार्थ्याला घेतलेलं. ती प्राध्यापकांना पत्रं लिहायची, उत्तराची वाट बघायची, आणि दोन ओळींचं उत्तर आलं तरी त्याची प्रिंट काढून काकांना दाखवायची. मला हेच का शिकायचं आहे, असं एक पत्र प्रत्येक अर्जाला जोडायचं असतं. ते तिनं अकरा वेळा लिहिलं. अकराही वेळा काकांनी वाचलं. त्यांना त्या भाषेतलं निम्मं कळायचं नाही, पण पानाचा समास कळायचा, मग ते समास नीट करून द्यायचे. आता हसावं का रडावं, पण बाप-लेकीचं जमायचं ते हे असं.

पाचातलं चौथं नाव तिच्या मनातलं होतं. तिला हवा तो विषय जिथे सगळ्यात खोल शिकवतात ते. पण तिथला नियम बदलत होता. पुढच्या वर्षापासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना पूर्ण फी, आणि तो आकडा असा की परिचारिका आणि झेरॉक्सवाला दोघांनी दुसरा जन्म घेतला तरी जमायचा नाही. म्हणजे याच वर्षी, नाहीतर कधीच नाही. हे दोघांनाही तोंडपाठ होतं.

आईला मात्र यातलं जेवढ्यास तेवढंच सांगितलं जाई. दोन वर्षांपूर्वी मुंगीला एक शिष्यवृत्ती जाहीर झाली, आईनं सगळ्या वॉर्डात सांगून टाकलं, आणि महिन्याभरानं ती शिष्यवृत्तीच रद्द झाली. तेव्हा आईनं बजावून ठेवलं होतं, पक्कं होऊन हातात पडल्याशिवाय माझ्या कानावर काही घालायचं नाही. नकार आले तर सांगा, ते पक्केच असतात.

तसे नकार आले. एकामागून एक चार आले, आणि चारही आईला सांगून झाले. प्रत्येक वेळी तिनं फक्त मुंगीच्या पानात जरा जास्त वाढलं.

राहिलं होतं ते नेमकं मनातलं. मंगळवारी सकाळी दुकान उघडून संगणक सुरू केला तर पत्र आलेलं. मुंगीनं ते एकदा वाचलं, मग मोठ्यानं वाचलं, मग काकांना मराठीत सांगितलं, आणि तरी काका म्हणाले, पुन्हा सांग. जागा मिळाली होती. बाहेरच्या नऊ जणांना घेतलं होतं, त्यातली ही एक. काकांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. रडताना गिऱ्हाईक नको, म्हणून. मुंगी काउंटरवर चढून बसली आणि पाय हलवत राहिली, आठ वर्षांची असताना बसायची तशीच.

पत्राच्या शेवटी एक अट होती. पदवी प्रमाणपत्राच्या मूळ प्रतीवर, मागच्या बाजूला, आपल्याकडच्या साक्षांकन कार्यालयाचा, म्हणजे कागद खरा असल्याचा, शिक्का घ्यायचा आणि तो कागद एकोणतीस दिवसांत त्यांच्याकडे पोचवायचा. एवढंच ना, काका म्हणाले. कागद तर आपला नव्यासारखा आहे. आईला शिक्का बसल्यावर सांगू, तो कागदच तिच्या हातात ठेवू, असं दोघांचं ठरलं.

साक्षांकन कार्यालयात काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. लांबच लांब रांग होती. पुढच्यांचे कागद त्यांनी तिरक्या नजरेनं बघून घेतले. चुरगळलेले, चहाचे डाग पडलेले, एकाचा तर कोपराच नव्हता. लोकांना कागदाची काडीची किंमत नाही, असं ते मुंगीच्या कानात म्हणाले. त्यांची पाळी आली. तीन नंबरच्या खिडकीत एक बाई होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी प्रमाणपत्र हातात घेतलं, उलटं केलं, आणि नखानं टकटक वाजवलं.

"हे लॅमिनेट कुणी केलंय?"

काकांची मान ताठ झाली. "मीच," ते म्हणाले. "अडीचशे मायक्रॉन."

बाईंनी चष्मा काढला. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट त्या फार हळू बोलल्या. शिक्का कागदावरच बसला पाहिजे, प्लास्टिकवर मारलेला चालत नाही. शिवाय प्लास्टिकच्या आत कागद खरा की छापलेला, हे कळायला मार्ग नसतो. लॅमिनेट केलेली मूळ प्रत आम्ही घेऊच शकत नाही. विद्यापीठातून दुसरी प्रत काढा. दर आठवड्याला दोन-तीन मुलं अशी परत जातात, असंही त्या म्हणाल्या. "कुठला तरी दुकानदार करून देतो, आणि नुकसान मुलांचं होतं."

मुंगीनं प्रमाणपत्र परत घेतलं आणि बाईंना धन्यवाद म्हटलं. काका खिडकीशी तसेच उभे होते. मागच्या माणसानं खांद्याला हात लावल्यावर ते बाजूला झाले.

बसमध्ये मुंगी खिडकीकडे बसली. तुम्हाला कुठे माहीत होतं बाबा, मलाही नव्हतं, असं ती दोनदा म्हणाली. काकांचं लक्ष नव्हतं. ते मोजत होते. वीस वर्षांत किती मुलं झाली असतील? दर निकालाच्या दिवशी रांग लागायची दुकानासमोर. आयुष्यभराची काळजी मिटली बघ, असं प्रत्येकाला सांगून त्यांनी हातात दिलं होतं. त्यातली किती जण कुठल्या खिडकीवरून परत गेली असतील, आणि मनातल्या मनात त्यांनी कुणाला शिव्या घातल्या असतील? मोजता मोजता उतरायचा थांबा मागे गेला.

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात सांगितलं, दुसरी प्रत साठ दिवसांनी मिळेल. कामकाजाचे साठ, सुट्ट्या धरून नाही. मुंगीनं परदेशी पत्र लिहून मुदत मागितली. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, अतिशय सभ्य. तारीख सगळ्यांना एकच आहे, कागद आला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला जाईल, आम्हाला वाईट वाटतं. मुंगीनं ते वाचलं आणि उठून परत परीक्षा विभागात गेली. मग दोन दिवसांनी पुन्हा गेली. तिला कुणी हाकललं तर ती त्याच्या शेजारच्या टेबलाशी जाऊन उभी राहायची. मुंगी नाव उगीच नव्हतं पडलं.

आणि काका? काकांचा जीव टांगणीला. जेवण जाईना, दुकानात लक्ष लागेना. गिऱ्हाइकानं वीस प्रती मागितल्या तर हे दोन काढून देत. मशीन त्यांचं, हात त्यांचे, आणि धावाधाव करतेय ती पोर. त्यांच्या मनानं घेतलं की आपण केलंय ते आपणच निस्तरलं पाहिजे.

लॅमिनेशन निघत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? शंभर जणांना त्यांनीच सांगितलं होतं, आता हे जन्मात निघायचं नाही, आणि तेही कौतुकानं. पण ते दिवस असे होते की माणूस स्वतःचंच म्हणणं खोटं पाडायला निघतो. त्यांनी एक जुनं, लॅमिनेट केलेलं शाळेचं जाहिरातपत्रक घेतलं, मशीनमधून पुन्हा गरम करून काढलं आणि गरम असतानाच कोपऱ्यात ब्लेड घालून हळूहळू प्लास्टिक सोललं. निघालं. अख्खं, अक्षरही न हलता निघालं. दुसरं घेतलं, तेही निघालं. काकांच्या अंगात बळ आलं. मुंगीला सांगावं असं क्षणभर वाटलं, पण ती कशाला घोर लावून घेईल, एकदम स्वच्छ कागदच तिच्यापुढे ठेवू, असं त्यांनी ठरवलं.

सोमवारी दुपारी मुंगी पुन्हा परीक्षा विभागात गेली होती. काकांनी दुकान बंद केलं. नाजूक काम, मध्येच फोन वाजून हात हलायला नको, म्हणून फोनचा आवाज बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला. हात साबणानं धुतले. प्रमाणपत्र गरम केलं, मागची बाजू आधी सोलली. ती सुरेख निघाली. मग पुढची बाजू घेतली.

आता या माणसाला काय म्हणावं? वीस वर्षं छपाई आणि शाईत घालवली त्यानं. जाहिरातपत्रक छापखान्यात छापलेलं असतं, त्याची शाई कागदात मुरते. पण प्रमाणपत्रावर तेवढी वेलबुट्टी आणि बोधचिन्ह छापखान्यातलं. मुलीचं नाव, विषय, श्रेणी, क्रमांक हे सगळं नंतर प्रिंटरवर काढलेलं, म्हणजे शाई नाही, पावडर. पावडर उष्णतेनं वितळते आणि ज्याला चिकटायचं त्याला चिकटते. दुकानातल्या प्रिंटरमध्ये ते रोज हीच पावडर भरत होते. रोज. पण त्या दुपारी त्यांना ते आठवलं नाही, कारण त्या दुपारी ते दुकानदार नव्हते, बाप होते. अर्धं प्लास्टिक वर आल्यावर त्यांना दिसलं की अक्षरं वर येताहेत. ते थांबले. पण मध्ये थांबूनही उपयोग नव्हता, थंड होत चाललेला गोंद कागदाचे पापुद्रे ओढायला लागला होता. त्यांनी तसंच पुढे सोललं. शेवटी एका हातात सुंदर वेलबुट्टीचा कोरा कागद आणि दुसऱ्या हातात प्लास्टिक, आणि मुंगीचं नाव त्या प्लास्टिकवर, उलटं.

ते स्टुलावर बसले. किती वेळ, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. मग शटरवर थापा पडल्या.

मुंगी धावत आली होती. केस कपाळाला चिकटलेले, आणि चेहरा असा की काकांनी मंगळवारी पत्र आलं तेव्हाच फक्त पाहिला होता. तिला धाप लागली होती, तरी ती बोलत सुटली. "फोन का उचलत नाही? डिग्री द्या, बाबा, लवकर. परीक्षा विभागातले साहेब तयार झालेत. जुनी मूळ प्रत जमा केली की दहा दिवसांत नवी देणार आहेत. लॅमिनेट केलेली चालेल, नुसता नंबर आणि नाव वाचता आलं पाहिजे. चारपर्यंत थांबणार आहेत माझ्यासाठी."

सव्वातीन वाजले होते. काकांनी काउंटरवर दोन्ही ठेवलं, कागद आणि प्लास्टिक.

मुंगीनं कागद पाहिला. मग प्लास्टिक उचलून उलटं केलं आणि आपलं नाव वाचलं. काका म्हणाले, जाहिरातपत्रकाचं निघालं होतं ग. मुंगीनं दोन्ही एका फाइलीत घातलं आणि ती पुन्हा धावत गेली. काकांनी ड्रॉवर उघडून फोन पाहिला. तिचे पाच फोन येऊन गेले होते. पहिला आला तेव्हा ते हात धूत होते.

साहेबांनी फाइल बघितली, असं मुंगीनं परत आल्यावर सांगितलं. वाईट वाटलं त्यांना. पण खराब झालेल्या प्रतीचं प्रकरण वेगळं, त्याला समिती असते, प्रतिज्ञापत्र लागतं, तीन महिने तरी जातात. ते माझ्या हातात नाही, असं ते म्हणाले, आणि खरंच नव्हतं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मुंगी दुकानात आली आणि संगणकापुढे बसून राहिली. काय बघत होती देव जाणे, पडद्यावर काही नव्हतं. पाच वाजता उठली.

संध्याकाळी आई कामावरून आली, पायातल्या चपला काढता काढता म्हणाली, राहिलेल्या त्या एकाचं काय झालं, अजून काहीच कळलं नाही? आता सांगायचं, असं काकांनी मनाशी म्हटलं. तेवढ्यात मुंगीच बोलली.

"आलं आज. नाही झालं. मार्क कमी पडले."

आई थांबली. मग तिनं पाणी घेतलं, प्यायली, आणि म्हणाली की जाऊ दे. पण आईच ती, दोन दिवसांनी तिच्या तोंडून निघायचं ते निघालंच. शेवटच्या वर्षी जरा जास्त जोर लावला असता तर. काका समोर बसले होते. त्यांनी मुंगीकडे पाहिलं. मुंगीनं मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. आणि काका, सांगायला लाज वाटते, मूग गिळून बसले. आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं त्यांना. त्या वाटण्याची त्यांना पुढे जास्त लाज वाटली.

मग ते खोटं सगळीकडे गेलं. आत्याचा फोन आला तर मुंगी म्हणाली, मार्क कमी पडले. शेजारी, कॉलेजातले सर, जुन्या मैत्रिणी, सगळ्यांना तेच सांगितलं. वर्गात पहिली आलेली पोर स्वतःच्या तोंडानं स्वतःला कमी म्हणत फिरत होती. महिन्याभरानं ती बोअरवेल खणणाऱ्या एका कंपनीत लागली, फोन घ्यायचे आणि कोणाच्या शेतात कधी मशीन जाणार ते लिहून ठेवायचं. घरी आली की ठीक होतं म्हणायची. हसायचीही. काकांनी लॅमिनेशनचं मशीन बंद करून ठेवलं. कुणी मागायला आलं की दुसरीकडे जा म्हणायचे, कारण सांगायचे नाहीत, आणि लोक म्हणायचे की काका हल्ली तिरसट झालेत.

असे चार महिने गेले. एका रविवारी दुपारी मुंगीची मावशी जेवायला आली. बोलता बोलता विषय निघाला, मावशीच्या नणंदेचा मुलगा परदेशी शिकायला गेला होता. मावशीनं सहज विचारलं, मुंगी पुन्हा अर्ज करणार का. आई वाढता वाढता म्हणाली, आता कसले अर्ज, एकदा करून बघितलं ना. "आमच्या मुंगीची झेपच तेवढी. उगाच हिच्या बाबांनी डोक्यात भरवलं होतं." तिच्या बोलण्यात राग नव्हता, मायाच होती. मुंगी खाली बघून म्हणाली, हो, नाही झेपलं मला.

काकांच्या हातातला घास ताटात पडला.

"तिला मिळालं होतं," ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. बाबा, असं मुंगी म्हणाली, पण आता ते थांबणार नव्हते. चार महिन्यांचं तुंबलेलं होतं. त्यांनी सगळं सांगितलं. मंगळवारचं पत्र, नऊ जणांमधली एक, खिडकीतल्या बाई, साहेब, सोमवारची दुपार, ड्रॉवरमधला फोन. काही राखून ठेवलं नाही. मी घालवलं, ते म्हणाले, दोनदा घालवलं, आणि ही पोर माझ्यासाठी खोटं बोलत राहिली. तिच्यासारखी हुशार पोर या घरात तर सोडा, तिच्या अख्ख्या कॉलेजात नव्हती. बोलताना त्यांचा आवाज फाटला, पण बोलून झाल्यावर त्यांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा श्वास पुरा घेता आला.

आईनं भांडं खाली ठेवलं. काकांकडे तिनं बघितलंही नाही. ती मुंगीपाशी जाऊन बसली आणि विचारलं, खरं? पोरी, खरं हे?

मुंगी रडायला लागली. मुदत संपली तेव्हा ती रडली नव्हती, नाव उलटं वाचताना रडली नव्हती. आता मात्र तिचं सगळं अंग हलत होतं, आणि मावशी उगाच पाण्याचा तांब्या पुढे करत होती.

"आता कशाला सांगितलंत?" ती म्हणाली. "मी रोज स्वतःला सांगत होते, मला मिळालंच नव्हतं. मार्क कमी पडले. रोज सांगत होते. आत्ता कुठे मला ते खरं वाटायला लागलं होतं, बाबा."

हे काकांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांना वाटलं होतं, ती आपल्याला वाचवतेय.

ते उठले. मुंगी आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडत होती. तिच्या पाठीवर हात ठेवावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते दोन पावलं पुढे आले, तर तिनं डोकं न उचलताच हात वर केला आणि त्यांना तिथेच थांबवलं.

"नको, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही आता माझ्यासाठी काही करू नका."

काका खरकट्या हातानं तिथेच उभे राहिले.